चुकीची तालीम

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या शाळेत पहिलीच्या मुलांनाही ठाऊक आहे. तेव्हा ते आधीच सांगून टाकलेलं बरं. आभार मानायची मला सवय नाही. पण गेल्या वर्षभरात एका पस्तिशीच्या बाईचे आणि एका आठ वर्षांच्या मुलीचे माझ्यावर इतके उपकार झालेत की ते बोलून दाखवल्याशिवाय मला जेवण गोड लागायचं नाही.

बावीस वर्षं मी संगीत शिकवते. जिन्याखालची लांबट खोली, दोन मुक्या पट्ट्यांचा पियानो आणि समोर तीस मुलं, एवढा माझा शाळेतला संसार. त्यातून मी शाळेला समूहगानाच्या तेरा ढाली मिळवून दिल्या. त्या मुख्याध्यापिकांच्या कपाटावर धूळ खात असतात आणि दर सुट्टीआधी मीच जाऊन पुसते, कारण दुसरं कुणी पुसत नाही.

गेल्या वर्षी मुख्याध्यापिकांनी मला बोलावलं आणि आधी चहा पाजला. तेव्हाच मला शंका आली.

"बाई, नियम बदललाय," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षापासून संगीताचा तास घ्यायचा तर पदव्युत्तर पदविका लागणार. मुलांना त्यांचं स्वतःचं संगीत कसं सुचू द्यायचं, असा काहीतरी अभ्यासक्रम आहे. वर्षभर, दर शनिवारी."

"मुलांना सुचू द्यायचं? मग मी काय करायचं?"

"तेच शिकवतात म्हणे."

"आणि नाही केली तर?"

त्यांनी कप खाली ठेवला. "ग्रंथालयात जागा आहे. तुम्हाला तिकडे घेऊ."

पुस्तकांशी माझं भांडण नाही. पण आमच्या ग्रंथालयात चार भिंतींवर चार पाट्या आहेत आणि चारही पाट्यांवर 'शांतता राखा' लिहिलंय. मला तिथे बसवायचं म्हणजे जिवंतपणी भिंतीत चिणायचं. मी त्याच दिवशी अर्ज भरला.

घरी सांगितलं तेव्हा हे बूट काढत होते. हे म्हणजे माझे यजमान. शहरबस चालवतात, तीस वर्षं झाली. म्हणाले, "सत्तेचाळिसाव्या वर्षी पुन्हा शाळेत?"

"तुम्हाला अजून सायकल येत नाही, त्याबद्दल मी कधी बोलले का?"

"आत्ता बोललीस की," म्हणाले आणि हसले. यांचा स्वभाव असा, लोण्यासारखा. माझ्याशी चोवीस वर्षं संसार करायचा म्हणजे दुसरा स्वभाव चाललाही नसता.

एक गोष्ट इथेच सांगते, पुढे लागेल. लग्न झालं तेव्हा हे सकाळी दाढी करताना गुणगुणायचे. मी आतून ओरडायचे, "अर्धा सूर खाली लागतोय!" दुसऱ्या दिवशीही ओरडले. तिसऱ्या की चौथ्या दिवशी गुणगुणणं बंद झालं. मला वाटलं, बरं झालं, सुंठीवाचून खोकला गेला. पुढे एकदा यांच्या डेपोतला एक चालक घरी आला होता. तो म्हणाला, "वहिनी, साहेब रिकामी गाडी परत आणताना काय गातात हो!" मी म्हटलं, "कोण, हे?" आणि दोघांनाही चहा दिला. विषय तिथेच संपला.

वर्ग एका जुन्या टपाल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर भरायचा. पार्सलं तोलायचा काटा अजून जिन्यात तसाच होता. वर एक मोठी खोली, खुर्च्या सगळ्या भिंतीला लावून ठेवलेल्या, आणि अठरा संगीत शिक्षक जमिनीवर गोल करून. त्यात गुडघे धरून बसणारी मी एकटीच. शिकवणाऱ्या बाई माझ्या थोरल्या भाचीच्या वयाच्या, आवाज मऊ, पायात कापडी बूट. मनात म्हटलं, ही पोर मला काय शिकवणार?

पहिल्या दिवशी घरातून एकेक आवाज आणायला सांगितला होता. कुणी किल्ल्यांचा जुडगा आणला होता, कुणी झाकणाचा डबा, एकाने तर कुरकुर वाजणारा रेनकोट. मी माझा नादकाटा नेला होता. आपटला की एकच नेमका सूर देणारा तो लोखंडी काटा, ज्यावरून मी बावीस वर्षं अख्ख्या शाळेला सुरात आणलं. बाई म्हणाल्या, "आता या आवाजांतून काहीतरी होऊ द्या." आणि गप्प बसल्या.

कुणी हलेना. अठरा मोठी माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत होती. माझ्याच्याने राहवेना. मी टाळी वाजवून म्हटलं, "चला, किल्ल्या आधी, मग डबा. एक, दोन, तीन..."

"थांबा," बाई म्हणाल्या.

त्या दिवशी मला त्या नऊ वेळा 'थांबा' म्हणाल्या. मी मोजलं. तिसऱ्या शनिवारपर्यंत आम्ही त्यांचं नाव थांबाबाई ठेवलं होतं. त्यांनाही ते कळलं होतं, पण त्या कधी काही बोलल्या नाहीत.

मग त्यांनी प्रत्येकाला शाळेतल्या एका तासाचं चित्रण आणायला सांगितलं. ते लावायचं, हातात घड्याळ घ्यायचं आणि आवाज कुणी सुरू केला ते लिहायचं. मी ऐटीत माझा सगळ्यात चांगला तास नेला. चाळीस मिनिटांत माझं बोलणं आणि गाणं एकतीस मिनिटं. पियानो सहा. मुलांनी माझ्यामागून म्हटलेलं दोन मिनिटं आणि वर काही सेकंद. आणि मुलांनी आपणहून काढलेला आवाज अकरा सेकंद. ते अकरा सेकंद म्हणजे कुणीतरी शिंकलं आणि बाकीची हसली.

वर्गात सगळे हसले, तशी मीही हसले. घरी जाताना मात्र बसमध्ये माझे डोळे भरून आले. रागाने की कशाने ते तेव्हा कळलं नाही.

थांबाबाईंनी मला एक उपाय सांगितला होता. "बाई, तुमचे हात तुमच्या आधी वर्गात जातात. मुलांना काही विचारलं की हात मांडीखाली घेऊन बसा. मनात तीसपर्यंत मोजा. तीस झाल्याशिवाय मदत करायची नाही." सांगायला सोपं आहे. तीस आकडे किती लांब असतात ते ज्याने गप्प बसून मोजलेत त्यालाच कळेल. मी बारापर्यंत पोचायचे. एकदा सतरा झाले होते, पण त्या दिवशी माझा घसा बसलेला होता.

वर्ष सरत आलं आणि परीक्षेचा कागद हातात पडला. आपल्याच शाळेत, आपल्याच वर्गावर, चाळीस मिनिटांचा तास. त्यातली निदान वीस मिनिटं मुलांचं स्वतःचं संगीत हवं. शिक्षकाने सूर द्यायचा नाही, ताल द्यायचा नाही, उत्तर सुचवायचं नाही. थांबाबाई आणि बाहेरून आलेले एक परीक्षक, दोघं मागे बसणार. पास झाले तर जिन्याखालची खोली, नापास झाले तर चार पाट्या. गुणांच्या तक्त्यात एक रकाना होता, 'मुलाच्या चुकीचं शिक्षक काय करतो'. त्याला दहा गुण.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते खोटं नाही. तीन ढालींच्या स्पर्धांना मिळून लागली नसेल एवढी तयारी मी या तासाची केली. मुलांना आयत्या वेळी काय सुचेल ते मी तीन आठवडे त्यांच्याकडून घोकून घेतलं.

हसा खुशाल. विषय ठरवला 'सकाळचं स्वयंपाकघर'. पाचव्या मिनिटाला दुसऱ्या रांगेतल्या मुलाने म्हणायचं, "बाई, चमचे वापरूया का?" मी म्हणायचं, "अरे वा, हे मला सुचलंच नव्हतं!" नवव्या मिनिटाला दोन मुलींनी भांडायचं, किटली आधी की कपबशा आधी. भांडण मी दोन दिवस बसवलं. त्यातली एक फारच मनापासून भांडायची, तिला थोडं आवरावं लागलं. आणि तिसाव्या मिनिटाला, सगळे हळू आवाजात शेवटची ओळ गात असताना, एकीने मध्येच चुकीचा सूर लावायचा. मग मी प्रेमाने म्हणायचं, "असू दे, यातूनच काहीतरी करूया." दहा गुण.

ही चूक मी खारूताईकडे दिली. ती तिसरीत. पुढचे दोन दात मोठे आणि एका जागी कधी बसायची नाही, म्हणून वर्गाने तिचं नाव खारूताई ठेवलं होतं. सूर चुकवायला तिच्याइतकं लायक कुणी नाही असं माझं मत. पहिलीतल्या पहिल्या महिन्यातच मी तिला सांगून टाकलं होतं, "तू फक्त ओठ हलव." समूहगान शिकवणाऱ्यांमध्ये ही जुनी युक्ती आहे. ज्यांचा सूर लागत नाही त्यांना रांगेतून काढायचं नाही, आवाज तेवढा काढून घ्यायचा. माझ्या वहीत दरवर्षी शेवटच्या पानावर त्या मुलांची यादी असायची आणि वर लिहिलेलं असायचं, 'ओठवाले'.

"मी गायचं? आवाज काढून?" खारूताईने विचारलं.

"हो. पण चुकीचं."

"चुकीचं म्हणजे कसं, बाई?"

"जसं तुला येतं तसं," मी म्हटलं. हे वाक्य आठवलं की आजही मला कुठेतरी तोंड लपवावंसं वाटतं.

चार दिवसांनी तिची आई मला फाटकापाशी भेटली. कपड्यांना इस्त्री करायच्या दुकानात काम करते, हाताला गरम कपड्यांचा वास होता. म्हणाली, "बाई, रोज सराव करते हो ती. जेवतानासुद्धा. दोन वर्षं घरी म्हणायची, मी गाण्यात नाही, मी गाण्याच्या शेजारी उभी राहते. तुम्ही तिला गायला दिलंत, फार बरं वाटलं. तुमचे आभार मानायला थांबले होते."

मी म्हटलं, "त्यात काय एवढं." आणि भराभरा चालायला लागले. त्या रात्री जेवताना यांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, परीक्षेची काळजी आहे. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

परीक्षेच्या दिवशी मी खोली स्वतः झाडली. बाहेरचे परीक्षक उंच, सडपातळ, खिशाला दोन पेनं आणि गळ्यात शर्यतीला लावतात तसं घड्याळ. थांबाबाई त्यांच्या शेजारी, त्याच कापडी बुटांत. मुलं शहाण्यासारखी गोल करून बसली होती. इतकी शहाण्यासारखी की एखाद्या आईला लगेच संशय आला असता.

"आज आपण काय करूया बरं?" मी विचारलं.

चमच्यांचं मुलाला तिसऱ्याच मिनिटाला सुचलं. मी म्हटलं, अरे वा. भांडण छान झालं. पण पाहुण्यांना बघून मुलं घाबरली होती आणि घाबरलेली मुलं पळत सुटतात. चमचे पळाले, किटली पळाली, शेवटची ओळ तर अशी धावली की खारूताईने तोंड उघडेपर्यंत गाणं संपलं. सगळे हाताची घडी घालून बसले. मी सुटकेचा श्वास टाकला, म्हटलं, चूक गेली तर गेली, दहा गुण गेले, बाकीचं तरलं.

तेवढ्यात खारूताई उभी राहिली.

"बाई, माझी चूक राहिली. आता करू का?"

मी हसून म्हटलं, "अगं, कसली चूक?" आणि डोळे मोठे केले. पण आठ वर्षांच्या मुलांना डोळ्यांची भाषा कळायला आणखी दोनतीन वर्षं लागतात. चमचेवाला म्हणाला, "हो बाई, तिची चूक राहिलीच. मी चमचे थांबवले की तिची असते." भांडणारी म्हणाली, "आमचं भांडण झालं, मग तिची चूक. तीच तर शेवटची आहे."

उंच परीक्षकांचं पेन कागदावर थांबलं. थांबाबाई आपल्या बुटांकडे बघत होत्या.

अजून वाट होती. मुलं आहेत, काहीही बोलतात, असं म्हणता आलं असतं. बावीस वर्षांत इतकं तर मला सारवता येतं. पण मी खारूताईकडे पाहिलं. तिने केसांना आज नवी रिबीन लावली होती. तीन आठवडे तिने सराव केला होता, जेवताना केला होता. तिच्या दृष्टीने मी तिच्यावर विश्वास टाकून तिला एक काम दिलं होतं आणि ते काम करायचं राहून गेलं होतं. मी जर म्हटलं असतं की कसली चूक, तर ती खाली बसली असती, आणि मग ती पुन्हा कधी उभी राहिली असती असं मला वाटत नाही.

मी उठले. पियानोला धरलं. म्हटलं, "यातलं मुलांना आत्ता काहीच सुचलेलं नाही. चमचे माझे, भांडण माझं. हिची चूकसुद्धा मीच बसवली होती. तीन आठवडे तालीम घेतली आहे."

उंच परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं. मला ग्रंथालयातल्या चारही पाट्या एकदम दिसल्या.

थांबाबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. आता त्या मला थांबा म्हणणार असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "अजून एकोणीस मिनिटं आहेत."

एकोणीस. हवी होती वीस. हिशेब पहिलीतल्या मुलालाही जमला असता. पण एक सांगते, त्या क्षणी माझ्या छातीवरून काहीतरी उतरलं. पास व्हायचं नाही हे ठरलंच होतं, तर आता निदान तास तरी घ्यावा. मी मुलांच्या गोलात जमिनीवर बसले, दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि म्हटलं, "खारूताई, कर तुझी चूक. मी सांगितली होती तशी नको. तुला हवी तशी कर."

"हवी तशी म्हणजे कशी?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. हे तीन शब्द मी त्या खोलीत आयुष्यात पहिल्यांदा बोलले.

मी मोजायला लागले. बारा झाले. सतरा झाले. मुलं माझ्याकडे बघत होती, कारण सतरा सेकंद गप्प बसलेली मी त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. चोवीसला चमचेवाला खोकला. मांडीखाली माझी बोटं नुसती वळवळत होती. तीस होऊन गेले, मी पुढे मोजत राहिले. मिनिट उलटलं असेल. मग खारूताईने श्वास घेतला आणि सूर लावला.

खाली लागला. खूप खाली, माझ्या पियानोवर मुलांच्या गाण्यासाठी मी जिथे कधी हातच नेत नाही तिथे. लांब, सरळ, जराही न थरथरता. मी ऐकत राहिले आणि मला घाम फुटला. सूर बेसूर नव्हता. त्या मुलीचा आवाजच खालचा होता, आणि मी दोन वर्षं सगळ्यांना माझ्या गळ्याला सोयीच्या उंचीवर गायला लावत होते. ती उंची तिला कधी परवडलीच नव्हती. तिचं सगळं ठीक होतं. नाचता येईना अंगण वाकडं, तसं माझंच वाकडं अंगण मी त्या पोरीच्या माथी मारलं होतं.

"हे आमच्या फ्रिजसारखं आहे," चमचेवाला म्हणाला. सगळी हसली. मग त्यालाच काय वाटलं कोण जाणे, तो त्या सुराखाली बोटांनी जमिनीवर टकटक करायला लागला. फ्रिजवर आमच्याकडे बरण्या थरथरतात, असं एक मुलगी म्हणाली आणि दातांवर दात वाजवायला लागली. खारूताईचा श्वास संपला आणि सगळं बंद पडलं.

"बंद का पडलं?" कुणीतरी विचारलं.

"तिचा श्वास संपला."

"मग ती श्वास घेईपर्यंत आपण धरूया ना."

त्यावर भांडण झालं, खरं भांडण. कुणी धरायचं, किती धरायचं, मुलींनी की सगळ्यांनी. मी काही बसवलं नव्हतं, म्हणून ते माझ्या भांडणापेक्षा पुष्कळ लांबलं आणि त्यात एकाची बाही ओढली गेली. शेवटी ठरलं ते असं. खारूताई सूर लावेल. ती थांबली की तिच्या डाव्या हाताची मुलं तोच सूर धरतील, आणि ती परत आली की ती सोडतील. बरण्या आपल्या आपण वाजतील. चमचे नकोत, चमचे कंटाळवाणे आहेत, हे चमचेवाल्यानेच सांगितलं.

आणि ते सुरू झालं. कसं होतं ते मला लिहिता येणार नाही. अख्खा वर्ग एका मुलीचा श्वास सांभाळत होता. ती थांबायची तेव्हा सूर थांबत नव्हता. तिला ते कळलं तसे तिचे खांदे खाली आले आणि ती डोळे मिटून गायला लागली. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते.

घंटा झाली. आमच्याकडे घंटा झाली की मुलं वाक्याच्या मध्यावरूनसुद्धा पळतात. एकही मूल हललं नाही. पुढच्या तासाचे गणिताचे सर दारात येऊन उभे राहिले. त्यांच्यामागून मुख्याध्यापिका आल्या, त्यांनी सरांच्या दंडाला धरून त्यांना मागे घेतलं आणि स्वतः दारातच थांबल्या. सूर चालू राहिला, वर गेला, एकदा फुटला, पुन्हा जुळला. शेवट कुणी केला ते मला कळलं नाही. मुलांनाही विचारलं, त्यांनाही माहीत नव्हतं. संपलं एवढं खरं.

उंच परीक्षकांच्या पेनाचं टोपण केव्हा निघालं होतं कोण जाणे. त्यांनी गळ्यातलं घड्याळ उचलून पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मग कोरड्या आवाजात म्हणाले, "पहिल्या भागाला शून्य. त्याबद्दल चर्चा नको." मी मान हलवली. "भांडण संगीतातच धरावं लागेल, ते कामाविषयी होतं. पहिल्या सुरापासून बावीस मिनिटं होतात. नियमात वीस म्हटलंय, घंटेच्या आत असं कुठे म्हटलेलं नाही." एवढं बोलून ते जिन्याकडे गेले. जाता जाता खारूताईपाशी थांबले, वाकले आणि तिला म्हणाले, "चूक चांगली झाली."

"सराव केला होता," ती म्हणाली.

मी काठावर पास झाले. पन्नास हवे होते, बावन्न मिळाले. माझ्या आयुष्यातल्या तेरा ढाली एका पारड्यात टाकल्या तरी ते बावन्न जड होतील.

मुलं गेल्यावर मी थांबाबाईंना फाटकापर्यंत सोडायला गेले. वाटेत म्हटलं, "मॅडम, मला गोड बोलता येत नाही. पहिल्या दिवशी तुम्हाला बघून मी मनात म्हटलं होतं, ही पोर मला काय शिकवणार. तुमचे फार उपकार आहेत माझ्यावर. एकोणीस मिनिटं आहेत म्हणालात, तुम्ही तास संपवू शकला असतात."

त्या फाटकाशी येऊन थांबल्या. मग म्हणाल्या, "बाई, माझ्या परीक्षेच्या वेळी मीही मुलांकडून सगळं पाठ करून घेतलं होतं. चूकसुद्धा. अगदी तुमच्यासारखीच."

"मग?"

"मग काही नाही. माझ्या वर्गात कुणी उभं राहिलं नाही. मला ब्याण्णव मिळाले." त्यांनी फाटकाची कडी काढली. "अजून टोचतात ते. तुमच्या त्या मुलीला जपा."

त्या दुपारी मी वहीतली शेवटची पानं काढून बसले. बावीस वर्षांचे ओठवाले. काही नावं आठवतात, काहींचे चेहरेसुद्धा नाहीत. त्यांना आता कुठे शोधू? पण यादी चाळता चाळता मला कळलं की एक माणूस तिच्यात लिहायचाच राहून गेलाय, आणि त्याला शोधायला फार लांब जायला नको.

रविवारी सकाळी हे ओट्याशेजारच्या स्टुलावर बसून कामाचे बूट चमकवत होते. मी समोर बसले आणि म्हटलं, "अहो, काहीतरी गुणगुणा ना."

यांनी वर पाहिलं. "तुझी परीक्षा झाली ना?"

"झाली."

"मग आता हे काय?"

"मग काही नाही. गुणगुणा."

बुटावरचा ब्रश दोनदा फिरला. मग हे खाली बघत म्हणाले, "माझा अर्धा सूर खाली लागतो."

चोवीस वर्षं. शब्द न शब्द लक्षात होता. त्यात राग नव्हता, तक्रार नव्हती, बसचा रस्ता सांगावा तसं सांगितलं. मी म्हटलं, "लागू दे. माझंच चुकलं होतं. गा तुम्ही."

हे बराच वेळ बूट घासत राहिले. मी हात मांडीखाली घेतले आणि मोजायला लागले. अठ्ठेचाळीसला यांनी सुरुवात केली. तेच जुनं, दाढी करतानाचं. आवाज जाड झाला होता, आणि सूर अर्धा खाली होता, तसाच. पहिल्या ओळीच्या शेवटी यांचा श्वास संपला आणि हे थांबले, चोरट्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

मी यांनी सोडला होता तोच सूर धरला. अर्धा खाली, तिथेच. हे बघत राहिले. मग श्वास घेतला आणि पुढची ओळ सुरू केली.